एका औषधाने भागत नाही

श्रोतेहो, लहान मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाविषयी आज तुमच्याशी बोलावयाचे आहे. विषयाचे नाव ऐकूनच कोणी रेडिओचा आवाज बारीक केला असेल. पण थोडे थांबा. हा रोग झाला म्हणजे सारे संपले, ही समजूत आता खरी राहिलेली नाही. आणि औषध सुरू झाले, मूल खेळू लागले म्हणजे सारे आटोपले, ही समजूतही खरी नाही. पहिल्या समजुतीमुळे आईबाप दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि दुसरीमुळे अर्ध्यावर परत फिरतात. दोन्हींत जीव जातो तो मुलाचा.

मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात गणित शिकवणारा माणूस आहे. मध्यंतरी खडकवासल्याच्या बाजूला शिक्षक आणि पालकांच्या एका बैठकीत हा विषय निघाला. तेव्हा एका बाईंनी विचारले, “सर, पोरगं महिन्यात बरं दिसायला लागतं म्हणता, मग दोन-दोन वर्षं औषध कशाला? आणि ते सुद्धा एक नाही, सहा-सात?” प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर वैद्यकात आहे तितकेच गणितातही आहे, म्हणून मी हे बोलण्याचे धाडस करतो आहे.

आधी रोग समजून घेऊ. आपले रक्त तयार होते ते हाडांच्या आतल्या मगजात. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. तिथे तीन प्रकारच्या पेशी घडतात. तांबड्या पेशी अंगाला प्राणवायू पोचवतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी झुंजतात, आणि प्लेटलेट नावाच्या बारीक कणिका वाहते रक्त थांबवतात. या मज्जेत कधी एखादी पांढरी पेशी बिघडते. ती पुरती वाढत नाही, काही काम करीत नाही, आणि मरतही नाही. फक्त आपल्यासारख्या दुसऱ्या निर्माण करीत सुटते. खडकवासल्याचे धरण तुम्ही पाहिले असेल. धरणात गाळ साचत गेला तर वरून जलाशय भरलेलाच दिसतो, पण पाण्याची जागा गाळाने खाल्लेली असते. आणि खाली दौंड-इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्याला पाणी कमी पडते. मज्जेत असेच होते. निकामी पेशींचा गाळ भरतो आणि कामाच्या पेशींना जागा उरत नाही. याला ल्युकेमिया म्हणतात. मुलांमध्ये त्यातला लिम्फोब्लास्टिक नावाचा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. आज बोलायचे ते त्याच्याचविषयी.

यावरून लक्षणे आपोआप उमगतात. तांबड्या पेशी कमी, म्हणून मूल पांढरेफटक पडते, दमते, जिना चढताना धापा टाकते. चांगल्या पांढऱ्या पेशी कमी, म्हणून ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. प्लेटलेट कमी, म्हणून हिरड्यांतून, नाकातून रक्त येते, अंगावर तांबडे ठिपके उठतात, मार न लागता काळेनिळे डाग पडतात. मज्जा ठासून भरलेली, म्हणून हाडे दुखतात आणि लहान मूल चालायलाच नकार देते. मानेत, काखेत गाठी येतात, पोट वाढते. यांतले एखादे लक्षण साध्या आजारातही असते, त्यामुळे लगेच घाबरू नये. पण दोन-तीन एकत्र दिसली, किंवा ताप दोन आठवडे हटला नाही, तर रक्ताची साधी तपासणी, ज्याला सीबीसी म्हणतात ती, त्याच दिवशी करून घ्यावी. ती तालुक्याच्या गावी होते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गाठी किंवा सांधेदुखीसाठी तपासणी न करताच कोणी स्टिरॉइडच्या गोळ्या देऊ लागला, तर “आधी रक्त तपासू” असे तुम्ही म्हणा. स्टिरॉइडने या रोगाच्या पेशीही काही काळ मरतात. गाठ जिरते, ताप उतरतो, घरच्यांना बरे वाटते. पण रोग आतच असतो, आणि पुढे मोठ्या डॉक्टरांना तो ओळखणे अवघड जाते.

आता औषधांची हकीकत. 1948 साली अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन नावाचे औषध 16 मुलांना दिले. त्यांपैकी 10 जणांचा रोग मागे हटला. तोवर या रोगाला औषधच नव्हते. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिथे संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आजही वापरात असलेले मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातले. पेशीला वाढण्यासाठी फॉलिक ॲसिड लागते. हे औषध त्याचे सोंग घेऊन पेशीत शिरते आणि तिची वाढ अडवते.

पण फार्बर यांचा आनंद टिकला नाही. काही महिन्यांत रोग उलटला आणि मग त्याच औषधाला दाद देईना. पुढे स्टिरॉइड आले. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी शोधलेले मर्कॅप्टोप्युरिन आले. प्रत्येकाची तीच गत झाली. काही आठवडे, काही महिने बरे, आणि मग पुन्हा पहिले पाढे.

असे का व्हावे? इथे थोडे गणित मांडू. रोग ओळखला जातो तेव्हा मुलाच्या अंगात सुमारे 1 लाख कोटी रोगट पेशी असतात. समजा, औषधाने 100 पैकी 99 मारल्या. मूल ताजेतवाने होते, रक्ताचा अहवाल सुधारतो, जेवण जाऊ लागते. पण उरल्या किती? 1000 कोटी! त्या सूक्ष्मदर्शकाखाली नजरेला येत नाहीत एवढेच. पुन्हा 100 पैकी 99 मारल्या, तर 10 कोटी उरतात. पुन्हा एकदा मारल्या, तर 10 लाख. मग 10 हजार, मग 100, आणि मग कुठे शेवटची एक. म्हणजे मूल बरे दिसू लागते ते पहिल्या पायरीवर, आणि पायऱ्या असतात अशा सहा. त्या बाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. शेतकऱ्याला ते वेगळे सांगायला नको. हरळी वरून खुरपली म्हणजे रान स्वच्छ दिसते, पण मातीतल्या काशा वेचल्या नाहीत तर पंधरा दिवसांत ती पुन्हा डोके काढते.

आता दुसरा प्रश्न. अनेक औषधे कशाला? समजा, दर 10 लाख पेशींमागे एक पेशी अशी निघते की तिच्यावर एक विशिष्ट औषध चालत नाही. मग 1 लाख कोटींत अशा 10 लाख पेशी झाल्या. तुम्ही तेच औषध जन्मभर द्या, त्या 10 लाख जिवंत राहणार आणि वाढणार. रोग उलटतो तो त्यांचा. पण वेगळ्या तऱ्हेने मारणारे दुसरे औषध जोडीला दिले, तर दोन्हींना पुरून उरणारी पेशी 1 लाख कोटींत एखादीच. तिसरे दिले, की तिचाही पाड लागत नाही. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो. पण तत्त्व हेच. क्षयरोगाला एकटे स्ट्रेप्टोमायसिन पुरले नाही, दोन-तीन औषधे मिळून द्यावी लागली, हे आपल्या गावोगावच्या लोकांना ठाऊक आहे. तोच धडा इथे लागू पडला.

1960 नंतरच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइक या दोन डॉक्टरांनी चार औषधे एकत्र दिली. त्यांत नवे होते ते व्हिन्क्रिस्टिन. ते कशापासून काढतात ठाऊक आहे? आपल्या परसात, तुळशीवृंदावनाच्या कडेला जी गुलाबी-पांढरी सदाफुली फुलते, तिच्यापासून. लगेच सांगून ठेवतो, सदाफुलीचा पाला वाटून मुलाला पाजू नका. कित्येक क्विंटल पाल्यातून त्या औषधाचे जेमतेम काही ग्रॅम निघतात, आणि त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून द्यावी लागते. घरचा काढा रोग मारीत नाही, अपाय मात्र करतो.

बाकीच्या औषधांची उगमस्थानेही अशीच दूरदूरची. डॉनोरुबिसिन इटलीतील मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळाले. ॲस्पॅराजिनेज हे जंतूंपासून काढतात. रोगट पेशीला लागणारे एक अन्न ते रक्तातून नाहीसे करते आणि तिची उपासमार करते. व्हिन्क्रिस्टिन पेशीला दुभंगू देत नाही. मर्कॅप्टोप्युरिन तिला खोटी वीट पुरवते, म्हणजे बांधकामच ढासळते. प्रत्येकाचा घाव निराळा आणि त्रासही निराळा. कोणी मज्जेला शिणवते, कोणी नसांना, कोणी यकृताला. म्हणूनच ती एकत्र देता येतात. सर्वांचा मार एकाच अवयवावर पडला असता, तर मुलाला सोसलाच नसता.

तरीही एक चोरवाट उरली होती. औषधे रक्तातून सर्वत्र जातात, पण मेंदूच्या आवरणात नीट पोचत नाहीत. तिथे लपलेल्या पेशी पुढे बाहेर पडत. मेम्फिस येथील डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी ही वाटही बंद करायचे ठरवले. कण्यातून औषध द्यायचे, डोक्याला किरणोपचार द्यायचे आणि पूर्ण उपचार दोन-तीन वर्षे चालवायचा, अशी त्यांची योजना होती. 1970 च्या सुमारास त्यांच्याकडची निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. आज प्रगत देशांत हे प्रमाण 100 पैकी 90 च्या आसपास आहे, आणि डोक्याचे किरणोपचार आता बहुतेक मुलांना टाळता येतात.

आपल्याकडे काय घडले? मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली सुरू झाले. पण 1970 ते 80 च्या काळात तिथे काय किंवा देशातल्या इतर मोठ्या कर्करोग रुग्णालयांत काय, या रोगातून शंभरात वीस मुलेही वाचत नव्हती. 1984 साली डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे डॉ. इयन मॅग्राथ यांच्या सहकार्यातून उपचाराचा एक पक्का आराखडा तयार झाला. त्याचे नाव एमसीपी 841. मुंबई, दिल्ली आणि चेन्नई या तीन ठिकाणी तोच एक आराखडा वापरला गेला. कोणत्या दिवशी कोणते औषध, किती, कोणत्या मार्गाने, हे सारे ठरलेले. परिणाम असा की, चार वर्षांनंतरही रोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण वीसच्या खालून 45 ते 60 पर्यंत आले. नवे जादूचे औषध कोणतेही सापडले नव्हते. होती तीच औषधे नीट क्रमाने, पुरत्या मुदतीपर्यंत दिली गेली. डॉ. अडवाणी स्वतः लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर बसून काम करीत, हेही शिक्षकांनी वर्गात सांगावे.

मग पाश्चात्त्य देशांएवढे यश का आले नाही? 1990 ते 1997 या काळातील 1048 रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा डॉक्टरांना दिसले की, आपली मुले रोग फार वाढल्यावर येत होती, आणि कित्येक मुले रोगाने नव्हे, तर उपचार चालू असताना झालेल्या जंतुसंसर्गाने दगावत होती. घरची स्वच्छता आणि वेळेवर मिळणारी मदत यांतही उणीव होती. म्हणजे जी लढाई आपण हरत होतो, तिचा बराच भाग रुग्णालयाच्या बाहेर होता. तो भाग तुमच्या आमच्या हातात आहे.

आता ‘अधिक धोक्याचा’ रोग म्हणजे काय ते सांगतो, कारण डॉक्टर हा शब्द वापरतात आणि आईबाप खचतात. मुलाचे वय 10 वर्षे किंवा अधिक असेल, किंवा ते वर्षाच्या आतले असेल. पहिल्या तपासणीत पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटरला 50 हजार किंवा त्याहून जास्त असतील. रोग टी जातीच्या पेशींचा असेल. पहिल्या आठवड्यातल्या स्टिरॉइडला तो नीट दाद देत नसेल. किंवा महिन्याभराच्या उपचारानंतरही मज्जेत रोगट पेशी उरल्या असतील, तर धोका अधिक धरतात. अधिक धोका म्हणजे मरण ठरले, असा अर्थ नव्हे. अशा मुलाला जास्त औषधे, जास्त जोराने द्यावी लागतात, एवढाच त्याचा अर्थ. अलीकडे मुंबई, कोलकाता, दिल्ली, चंदीगड, चेन्नई येथील रुग्णालयांनी मिळून भारतीय मुलांसाठी अशीच धोक्याप्रमाणे वर्गवारी करून उपचार आखले आहेत. ज्याला थोड्यात भागेल त्याला थोडे, ज्याला जास्त लागेल त्याला जास्त. सारे करूनही काही मुले हातची जातात, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण अर्ध्यावर सोडलेल्या उपचाराने मूल बरे होण्याची आशा जवळजवळ उरत नाही.

उपचाराचे टप्पे ध्यानात ठेवा. पहिला महिना रोग मोडण्याचा. बहुतेक वेळ रुग्णालयात जातो. पुढचे सहा-आठ महिने उरलेल्या पेशी वेचण्याचे. या काळात पुन्हा एकदा जोराचा मारा होतो. केस गळतात, तोंड येते, मूल चिडते. अधिक धोक्याच्या रोगात हा टप्पा कडक असतो. आणि शेवटी दीड-दोन वर्षे सांभाळण्याचा टप्पा येतो. मूल घरी असते, शाळेत जाते, रोज एक गोळी आणि आठवड्यातून एकदा दुसरी. गाफीलपणा होतो तो इथेच. ऊसतोडीला गेलो, जत्रा आली, गोळ्या संपल्या, असे होते. अमेरिकेतील एका पाहणीत 100 पैकी 95 हून कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत रोग उलटण्याचे प्रमाण बरेच वाढलेले आढळले. तेव्हा महिन्यात दोन दिवस चुकले तरी ते थोडे नव्हे. आणि दुसरी बाजूही ऐका. आठवड्याची गोळी आठवड्यातूनच द्यायची. ती चुकून रोज दिली तर जिवावर बेतते. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा आणि गोळी दिली की खूण करा.

ताप हा या मुलांचा सर्वांत मोठा वैरी. ताप 100.4 अंश फॅरनहाइटच्या वर गेला, की तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी रुग्णालयाला फोन करा आणि निघा. पाणी उकळलेले, अन्न ताजे आणि शिजवलेले द्या, मुलाजवळ जाताना हात साबणाने धुवा. कोणतीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही.

शिक्षकहो, तुमच्याकडे तीन कामे. वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर या मुलाच्या घरी त्याच दिवशी कळवा. इतरांना जो आजार किरकोळ, तो याला घातक ठरतो. दुसरे, हा रोग संसर्गजन्य नाही, हे वर्गाला स्पष्ट सांगा. टक्कल पडलेल्या मुलाला शेजारी बसायला सवंगडी हवा असतो. आणि तिसरे, पटावरचे नाव काढू नका. वर्ष बुडाले तर बुडू द्या, पण शाळेत आपली जागा आहे हे मुलाला कळले पाहिजे.

मुलींविषयी वेगळे बोलणे भाग आहे. मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत उपचाराला येणाऱ्या मुली मुलांपेक्षा बऱ्याच कमी दिसतात. रोगातला थोडा फरक सोडला, तरी उरलेला फरक आपणच केलेला आहे. त्या मुली घरीच राहतात. एखाद्या घरात “पोरीचं काय करायचं एवढं” असा सूर निघाला, तर गावातल्या जाणत्यांनी गप्प बसू नये.

राहिला पैशाचा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. शिधापत्रिका आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. बालकर्करोगाचे उपचार पुण्यातही होतात. मुंबईला जावे लागले, तर टाटा रुग्णालयातील समाजसेवा विभागात जाऊन, लाज न बाळगता, आपली अडचण सांगा. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. सेंट ज्यूड इंडिया ही संस्था 2006 पासून अशा मुलांच्या कुटुंबांची राहण्याची सोय करते. तरीही मजुरी बुडते, घरी दुसरी लेकरे असतात, गोठ्यात जनावर असते. गावाने इथे हात द्यावा. कोणी म्हशीचे दूध काढावे, कोणी धाकट्याला जेवू घालावे, कोणी स्वारगेटपर्यंत गाडी करून द्यावी. औषधांच्या यादीत हे कुठे लिहिलेले नसते. पण बाप तिसऱ्या महिन्यात मुलाला घेऊन परत येतो की दोन वर्षे टिकतो, हे पुष्कळदा यावरच ठरते.

तेव्हा एका औषधाने भागत नाही, तसे एका माणसानेही भागत नाही. उद्या तुमच्या गावात असे मूल निघाले, तर त्याच्या आईबापांना भेटा आणि पहिल्याच दिवशी सांगा, “महिन्यात ते खेळू लागेल. तेव्हा थांबू नका.”